घरातली बैठक पडद्यावर यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वाहिन्यांवर येऊ घातलेल्या कार्यक्रमांची माहिती आपल्या पुरवणीत नेहमी असते. ती मी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि दरवेळी एकच उणीव जाणवते. गाण्याच्या स्पर्धा आहेत, परीक्षक आहेत, झगमगते रंगमंच आहेत. पण कुणाच्या तरी घरी, बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या पंचवीस-तीस माणसांसमोर एखादा गायक किंवा वादक मनासारखा गातो-वाजवतो आहे आणि कॅमेरा एका कोपऱ्यातून ते निमूटपणे टिपतो आहे, अशी मालिका माझ्या तरी पाहण्यात नाही. ती व्हावी, आणि तिची सुरुवात ठाणे-नवी मुंबईतल्या घरांपासून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी नौपाड्यात राहते. बँकेतून निवृत्त झाले आहे. गाणे शिकले ते स्वतःपुरतेच, पण तानपुऱ्याची साथ कॉलेजच्या दिवसांपासून करत आले. तानपुऱ्यावर बसणाऱ्याची जागा गायकाच्या मागे, जरा बाजूला. श्रोत्यांना न दिसणारे बरेच काही तिथून दिसते. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तबलजीकडे गेलेली नजर, एखादी जागा हवी तशी आली की पेटीवाल्याकडे वळलेला चेहरा, श्वास भरून घेताना वर गेलेले खांदे, घसा दगा देतोय हे कळल्यावर खालच्या सप्तकात शांतपणे वळवलेली आलापी. हे सगळे हातभर अंतरावर घडत असते. सभागृहाच्या विसाव्या रांगेत त्यातले काही पोहोचत नाही. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर जाऊन बसू शकतो. मग त्याला छताला टांगलेल्या लोखंडी हातावर बसवून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून गरागरा कशाला फिरवायचे?

बाहेरच्या देशांत असे कार्यक्रम झाले आहेत. अमेरिकेतले गायक डॅरिल हॉल यांनी २००७ साली स्वतःच्या घरी पाहुण्या कलावंतांना बोलावून, त्यांच्याबरोबर गाऊन ते इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. पुढे तो कार्यक्रम टीव्हीवरही आला. माझ्या भाच्याने त्याचे काही भाग मला दाखवले. संगीत माझ्या ओळखीचे नव्हते, पण दोन गाण्यांच्या मधली बोलणी, एकमेकांची चाल समजून घेणे, 'इथून पुन्हा घेऊ या' म्हणणे, हे सगळे आमच्या बैठकीच्या आधीच्या तासाभरासारखेच होते. तिकडच्याच एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २००८ पासून वॉशिंग्टनमधल्या आपल्या कार्यालयात, एका निवेदकाच्या टेबलामागे कलावंतांना उभे करून छोट्या मैफली चित्रित केल्या. त्यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. एका महोत्सवात गर्दीच्या गोंगाटामुळे एका गायिकेचे गाणे त्यांना ऐकूच येईना. तेव्हा, तू आमच्या टेबलापाशीच येऊन गा, असे ते तिला सहज म्हणाले आणि खरोखर तसे झाले.

आपल्याला तर ही कल्पना उसनी आणायचीही गरज नाही. ख्याल, ठुमरी हे बैठकीतच वाढले, आणि नाट्यपदही रंगभूमीवरून बैठकीत आले. गिरगावातल्या लक्ष्मीबागेतल्या आणि ट्रिनिटी क्लबातल्या बैठकींच्या आठवणी जुन्या मंडळींकडून ऐकतच आमची पिढी मोठी झाली. गायक पं. राम मराठे आमच्या ठाण्याचे. १९८९ साली ते गेले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव ठाणे महापालिका भरवते आणि तो मी सहसा चुकवत नाही. महोत्सव हवेतच. पण ज्या कलेसाठी तो भरतो, ती अजूनही चरईतल्या, पाचपाखाडीतल्या, वाशीतल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत जिवंत आहे. महिन्यातल्या एखाद्या रविवारी सोफा उचलून गॅलरीत ठेवला जातो, शेजारच्या घरांतून चादरी आणि तक्के येतात, चपलांची रांग जिन्यापर्यंत जाते आणि स्वयंपाकघरात चहाचे मोठे पातेले चढते. तिथे गाणारे सगळेच काही नामवंत नसतात. काही फार मोठे असतात, काही अजून शिकत असतात. दोघांनाही त्या खोलीत सारखीच कसून परीक्षा द्यावी लागते, कारण समोर बसलेल्या आजी चार हातांवरून थेट तोंडाकडे पाहत असतात.

आता एक तक्रार. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीची माणसे अशीच 'घरगुती मैफल' चित्रित करायला आमच्या ओळखीच्या घरी आली होती. साथीला मी होते. आल्या आल्या त्यांनी घरातली पुस्तकांची कपाटे झाकून त्यांवर वाड्याच्या भिंतीचे छापील चित्र लावले. खोटी समई आली, चिकटवायची रांगोळी आली. श्रोत्यांना गायिकेसमोर न बसवता कॅमेऱ्याकडे तोंड करून तिरके बसवले. दिवे इतके प्रखर की खोली भट्टीसारखी तापली आणि जुळवलेल्या तारा दहा मिनिटांत उतरल्या. मी पुन्हा जुळवू लागले, तर 'ताई, तेवढा वेळ नाही, तानपुरा नंतर मशीनचा टाकू' असे सांगण्यात आले. गाणे झाल्यावर श्रोत्यांना परत बसवले आणि गाणे नसताना माना डोलवायला, 'वा वा' म्हणायला लावले, तेही तीन वेळा. घरातल्या एका वृद्ध गृहस्थांनी 'आता मी कशाला दाद देऊ?' असे विचारले. कुणी उत्तर दिले नाही. प्रक्षेपण झाले तेव्हा विलंबित (संथ लयीतला) ख्याल चार मिनिटांचा उरला होता आणि द्रुत (जलद) बंदिशीचा मुखडा समेवर येता येता जाहिरात लागली. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, याचा पडद्यावर उल्लेखही नव्हता.

त्या वाहिनीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिथली मुले कामसू होती, रात्री उशिरापर्यंत राबली. पण बैठकीत काय दाखवायचे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून ते सांगायचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट म्हणजे वाद्ये जुळवणे. प्रत्येक कार्यक्रमात हेच आधी कापले जाते, आणि माझ्या मते खरे पाहण्यासारखे हेच असते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी बातम्या दिल्या, भोपळे दाखवले, कारागिरांचे हात दाखवले. पण तो तानपुरा घरी आल्यावर बोलतो कसा, हे कुणी दाखवले नाही. आधी खुंट्या पिळून तारा अंदाजे सुरात आणायच्या. मग भोपळ्याकडचे मणी केसभर सरकवून नेमका सूर गाठायचा. मग घोडीवर, तारेखाली घातलेला सुती दोरा पुढे-मागे करत राहायचे. दोरा योग्य जागी आला की तीच तार एकदम खुलते, तिच्यातून आणखी सूर ऐकू येऊ लागतात, आणि खोलीतली बडबड कुणी न सांगता थांबते. चार तारांना मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. पावसाळ्यात जास्त. जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत तानपुराही त्रास देतो आणि तबल्याची पुडीही ढिली पडते. अशा दिवशी तबलजी हातोडी घेऊन गठ्ठ्यांवर (वाद्या ताणणाऱ्या लाकडी तुकड्यांवर) किती वेळ काम करतो, ते एकदा तरी दाखवावे. गाण्यामागे केवढी मेहनत असते ते नव्या मुलांना कळेल आणि ती मुले पुढच्या वेळी वेळेवर येऊन बसतील.

दुसरी गोष्ट वेळेची. नियमानुसार टीव्हीवर तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात हाती राहतात चोवीस मिनिटे. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळपास मिनिटभर चालते. चोवीस आवर्तनांत कुठल्याही गायकाची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) फार तर तार षड्जाच्या, वरच्या 'सा'च्या, उंबरठ्यावर येईल. यावर कुणी म्हणेल की जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत असत, आणि गायिका गौहरजान यांनी १९०२ साली ध्वनिमुद्रण केले तेव्हापासून थोर कलावंतांनी तेवढ्यातही राग उभा केला. खरे आहे, त्या तबकड्या मीही जिवापाड जपते. पण ती त्या यंत्राची अडचण होती. आज तशी अडचण उरलेली नाही. टीव्हीवर एक तास द्यावा, त्यात एकच राग किंवा एकच प्रकार असावा आणि जाहिराती दोन गाण्यांच्या मध्ये याव्यात. संपूर्ण दोन-अडीच तासांची बैठक इंटरनेटवर ठेवावी. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२४ साली 'वेव्ह्ज' हे इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारे स्वतःचे ओटीटी सुरू केले आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीला तर जागाही शोधावी लागणार नाही.

वेळेचा आणखी एक पैलू आहे, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्यातच गुंतला आहे. जाहीर कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी होतात. यमन, पूरिया धनाश्री, मारुबिहाग, बागेश्री वारंवार ऐकायला मिळतात. दिवाळी पहाटेला ललत-भैरव कानावर पडतात. पण दुपारचे राग? सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी ऐकायला सभागृहात दुपारी कोण येणार? आणि रात्रीचे रागही आता दुर्मीळ झाले, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. तो नियम योग्यच आहे. मी भर वस्तीत राहते, गणपती-नवरात्रात त्याचा मोल कळतो. पण त्यामुळे खुल्या मैफलींत दरबारी, मालकंस, अडाणा हे राग संध्याकाळी साडेसातलाच उरकावे लागतात. घरातल्या बैठकीत ध्वनिक्षेपक लागतच नाही. दारे-खिडक्या लावल्या, वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना आधी विचारले आणि त्यांनाच श्रोते म्हणून बोलावले, की रात्री साडेदहालाही दरबारी नीट गाता येतो. आमच्या इमारतीत असे झाले आहे, आणि सोसायटीच्या सचिवांनीच पुढची तारीख विचारली आहे.

म्हणून मालिकेचा प्रत्येक भाग त्या-त्या रागाच्या प्रहरात चित्रित करावा. वैशाखातल्या दुपारी एक वाजता, पंखा बंद करून (तो माइकमध्ये घरघरतो), घामाघूम झालेल्या माणसांसमोर वृंदावनी सारंग चालला आहे आणि खिडकीतून त्याच वेळचे ऊन आत आले आहे, असा भाग एकदा होऊ द्या. त्यासाठी वेगळी प्रकाशयोजना करायची गरज नाही.

हे सगळे शास्त्रीय संगीताबद्दल झाले, कारण मी त्यात वावरते. पण घरातली मैफल फक्त आमची नाही. ठाण्यात कोकणातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. गणपतीत त्यांच्या घरी रात्री भजन होते, तेव्हा बुवा, पखवाजवाला, झांजवाले आणि कोरसातली मंडळी दहा बाय बाराच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसतात आणि पहाटेपर्यंत एकेक गजर चढत जातो. वर्तकनगर-सावरकरनगरच्या बाजूला भाद्रपदात नुसते चालत गेले तरी चार घरांतून चार गजर कानी येतात. पलीकडे नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनींवर उभी राहिली. घणसोली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे ही गावे आज टोलेजंग इमारतींमध्ये दडली आहेत. त्या आगरी-कोळी घरांतल्या लग्नात धवलारीण धवले गाते. लग्नाच्या एकेका विधीला तिचे एकेक गाणे असते, आणि ती गाणी आई-आजीकडून तोंडी चालत आली आहेत. माझ्या बँकेतल्या एका सहकारी बाईंच्या घरी कोपरखैरण्याला मी एक धवलारीण ऐकली. मंडपात बाहेर डीजेची तयारी चालली होती, आणि आतल्या खोलीत ही बाई हातात कोणतेही वाद्य नसताना, डोळे अर्धवट मिटून, एका सुरात तासभर गात होती. नवरीची आई आणि दोन म्हाताऱ्या तिच्यामागे ओळ उचलत होत्या. गायनाच्या माझ्या शिक्षणात जो श्वासाचा हिशेब मला कधी नीट जमला नाही, तो त्या बाईंना उपजत येत होता. अशा गायिकेला स्टुडिओत, अनोळखी दिव्यांखाली बसवून काही उपयोग नाही. तिथे ना हळद, ना नवरी, ना ओळ उचलणाऱ्या म्हाताऱ्या. कॅमेऱ्यानेच तिच्या घरी गेले पाहिजे, तेही तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन, कारण ते कुणाच्या तरी घरचे कार्य असते.

खर्चाबद्दल मला फारसे कळत नाही, पण आमच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण करणारा एक तरुण आहे. त्याच्याकडून इतके शिकले की खोलीत चार-पाच चांगले माइक, दोन-तीन स्थिर कॅमेरे आणि तारा न तापवणारे एलईडी दिवे एवढ्यावर काम होते. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक हवा. खोलीतले सतरंजी, पडदे, पुस्तकांची कपाटे आवाज छान सामावून घेतात, म्हणून ती झाकू नयेत. भाड्याचा रंगमंच नको, सेट नको, निवेदिकेची भरजरी साडी नको. जे पैसे वाचतील ते कलावंतांना द्यावेत. घरगुती बैठकीत पाकिटात काय घालायचे याचा यजमानांना नेहमी संकोच असतो, आणि साथीदारांच्या पाकिटाकडे तर बघवत नाही. वाहिनी आली तर निदान हा व्यवहार तरी चोख व्हावा.

सह्याद्रीकडून माझी अपेक्षा जास्त आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या चाळीत तेव्हा एकाच घरी संच होता. 'शब्दांच्या पलीकडले' लागले की आम्ही त्या घरच्या उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसायचो. कृष्णधवल पडदा, साधी बैठक, आणि गाणारा माणूस पूर्ण गाणे गायचा. मराठी भावगीत माझ्या पिढीच्या कानात पक्के बसले ते अशा कार्यक्रमांमुळे. ज्या संस्थेने हे केले, तिला घरातली बैठक दाखवणे अवघड नाही. खासगी वाहिन्यांनी केले तर आनंदच आहे, पण टीआरपीच्या आकड्यांनी दोन भागांत मालिका बंद पाडायची नसेल, तर सार्वजनिक वाहिनीनेच पुढे यायला हवे.

आपल्या वृत्तपत्राने या मागणीचा पाठपुरावा करावा, आणि ज्या वाचकांच्या घरी अशा बैठका होतात त्यांनी आपापल्या भागातून पत्रे पाठवावीत. डोंबिवली, कल्याण, बेलापूर, पनवेल इथे अशी घरे आहेत हे मला साथीच्या निमित्ताने ठाऊक आहे. आमच्या घरची खोली केव्हाही उपलब्ध आहे. कपाटे तशीच राहतील, चहा मिळेल, आणि इमारतीत उद्वाहन नसल्याने तबला-डग्गा दोन मजले वर नेण्यासाठी शेजारची मुले आहेतच.

एकच अट. तबला, पेटी, तानपुरा, टाळ, कोरस, जे जे साथीला असतील त्या सगळ्यांची नावे गायकाच्या नावासोबत, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत आणि गाणे सुरू होण्यापूर्वी पडद्यावर यावीत.

आपली,
तानपुऱ्याची एक साथीदार,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)